शंभर पावलांचा नेपाळ

वहिनी,

तुझ्या तेराव्याला आलेलं प्रत्येक माणूस माझ्याजवळ टेकायचं आणि एकच बोलायचं. "काय बाई होती! ह्या वयात एकटी गाडी घेऊन नेपाळला जाऊन आली." जासईहून तुझी भावंडं आली होती, तीही हेच बोलली. चौथ्या मजल्यावरच्या काकू तर डोळे पुसता पुसता हसल्या. म्हणाल्या, आमच्या ह्यांना पनवेलला गाडी न्यायची तरी आदल्या दिवसापासून टेन्शन येतं. मी सगळ्यांना हो हो म्हणत होते, पाण्याचे ग्लास पुढे करत होते. एकटी का गेली, हे मात्र कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगणार होते? मी होते ना बरोबर जायला. धडधाकट, रिटायर झालेली, घरात बसून. गुडघे दुखत होते, पण गाडीत बसवणार नाही इतके ते कधीच दुखत नव्हते.

तेरावं होऊन नऊ दिवस झाले. निलेश परवा बंगलोरला परत गेला. जाताना म्हणाला, "आत्या, चल माझ्याबरोबर. इथे एकटी काय करशील?" मी म्हटलं, बघते. तुझा मुलगा गुणी आहे, पण त्याच्या घरात मी पाहुणी. इथे कोण आहे, तर इथेही कोणी नाही. पण इथे निदान कुठल्या डब्यात काय आहे ते मला ठाऊक आहे.

आपल्या करावे गावच्या घरात तू सून म्हणून आलीस तेव्हा तेवीस वर्षांची होतीस आणि मी सत्तावीस. माझं लग्न जमत नव्हतं, पुढे जमवायचं सगळ्यांनी सोडून दिलं. तू वयाने चार वर्षांनी लहान, मानाने मोठी. म्हणून मी तुला वहिनी म्हणून एकेरी हाक मारायचे आणि तू मला ताई म्हणून "तुमी". आई-बाबा गेले, गावातलं घर सोडून आपण सीवूड्सच्या ह्या फ्लॅटमध्ये आलो, निलेश मोठा होऊन लांब गेला, पण "तुमी" काही बदललं नाही. भांडतानासुद्धा तू मला "तुमी गप बसा" म्हणायचीस. एवढ्या आदराने गप बसायला मला दुसरं कोणीच सांगितलं नाही.

आणि दादा. दादाची नोकरी तुझ्या माहेराकडे, जासईच्या कंटेनर यार्डातल्या एका ऑफिसात. परदेशातून आलेल्या मालाचे कागद सोडवायचे. रोज कुठल्या कुठल्या देशांची नावं लिहायचा आणि स्वतः मात्र कधी देशाबाहेर पाऊल टाकलं नाही. रिटायर झाल्यावर गाडी घेतली ती ह्याच विचाराने. "विमानाने काय, कोण पण जातो," म्हणायचा. "आपल्या गाडीने, आपल्या रस्त्याने जायचं आणि एका जागी आपला देश संपलेला डोळ्याने बघायचा." नेपाळला आपली गाडी जाते, हे त्याने कुठूनतरी शोधून काढलं होतं. मग तीन दिवसांचा ताप आला आणि चौथ्या दिवशी दादा नव्हता.

गाडी बिल्डिंगखाली वर्षभर उभी. तिच्यावर धूळ, कावळ्यांची घाण, एक टायर बसलेला. एके दिवशी तू जेवता जेवता म्हणालीस, "ताई, मी गाडी शिकते." मला वाटलं, दुःखाने काहीतरी बोलते आहेस. दुसऱ्या दिवशी तू साडी बदलून पंजाबी ड्रेस घातलास आणि क्लासची फी भरून आलीस.

तू शिकलीस ते मी मागच्या सीटवर बसून बघितलंय. पाम बीच रोडला तू तिसऱ्या गिअरमध्ये इतकी ताठ बसायचीस, जणू गाडी मानेने चालवायची असते. मी मागून "हळू, वहिनी, हळू" करत राहायचे. शिकवणारा म्हणाला, "मॅडम, गाडी आधीच हळू आहे. तुम्ही जरा कमी बोला." तू आरशातून माझ्याकडे बघून हसलीस. दादा गेल्यानंतर तू पहिल्यांदा हसलीस ती तेव्हा.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आपण निघालो. निलेशला फोनवर सांगितलं तेव्हा तो आधी हसला आणि मग घाबरला. पहिला मुक्काम इंदूर, दुसरा झाशी, तिसरा लखनौ. तू चालवायचीस आणि मी नकाशा बघायचे, पाण्याची बाटली उघडून द्यायचे, टोलनाका आला की तुझ्याआधी काच खाली करायचे. शिवपुरीच्या पुढे मोहरीची पिवळी शेतं लागली तेव्हा तू गाडी बाजूला घेतलीस. दोघी उतरलो. तू कमरेवर हात ठेवून बघत राहिलीस आणि म्हणालीस, "एवढी जमीन. आन् अजून कोनी बिल्डिंगी नाय टाकल्या." आपल्या खाडीकाठच्या मिठागरांत आणि भातखाचरांत वाढलेली तू, तुझ्या तोंडून ते चांगल्या शेताचं कौतुक होतं की आपलं काहीतरी गेल्याचं दुःख, ते मी विचारलं नाही. त्या चार दिवसांत आपण इतकं कमी भांडलो की मला थोडी काळजीच वाटायला लागली होती.

पाचव्या दिवशी सकाळी गोरखपूरहून निघालो. सोनौलीच्या अलीकडे किलोमीटरभर ट्रकांची रांग. ड्रायव्हर लोक रस्त्याकडेला आंघोळी करत होते, कोणी स्टोव्हवर चहा टाकला होता. तू म्हणालीस, "ह्यांचेच कागद आपले साहेब बघायचे." दादाला तू कधी नावाने बोलली नाहीस, एक तर "ते", नाहीतर "आपले साहेब". लहान गाड्यांची वेगळी लाइन होती. गल्ली म्हणावी इतका अरुंद रस्ता, दोन्हीकडे नोटा बदलून देणारे, सिमकार्डवाले, सायकलरिक्षा. मला वाटलं होतं, देशाची हद्द म्हणजे काहीतरी मोठं असेल, मैदान, काटेरी तारा. ही तर तुर्भ्याच्या मार्केटसारखी गर्दी होती आणि तिच्यातच एक कमान.

आपल्या बाजूच्या जवानाने डिकी उघडायला लावली. आत आपल्या दोन बॅगा, कुकर आणि तांदळाची पिशवी. नंबर प्लेट बघून त्याने विचारलं, "कहाँ से?"

"नवी मुंबई."

"इतनी दूर से? दोनों अकेली?"

तू म्हणालीस, "दोनों हैं, तो अकेली कैसे?"

तो हसला आणि त्याने हाताने पुढे जा अशी खूण केली. आपण कमानीखालून गेलो. पलीकडे पाट्यांवरची अक्षरं आपलीच, पण शब्द वेगळे. तू स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतंस आणि तुझे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होतीस की दादाचं, ठाऊक नाही. थोडं पुढे त्यांचं कस्टमचं ऑफिस. गाडी आत न्यायची तर तिथे परवाना घ्यायचा. आपण गाडी लावली, फॉर्म घेतला, माझं अक्षर चांगलं म्हणून मी भरला.

खिडकीतला साहेब तरुण होता, बोलायला गोड. त्याने तुझं लायसन बघितलं, आपली दोघींची मतदान कार्डं बघितली. मग गाडीचं आरसी हातात घेतलं.

"गाड़ी किसके नाम पे है?"

"मेरे मिस्टर के," तू म्हणालीस.

"वो कहाँ हैं?"

आणि तू, डोळ्याची पापणीही न हलवता, म्हणालीस, "पीछे हैं. चाय पी रहे हैं."

वहिनी, तू ते इतकं सहज बोललीस. इतक्या वर्षांच्या सवयीने. जसं की दादा खरंच त्या कमानीजवळ उभा आहे, बशीत ओतून चहा पितो आहे आणि आता चप्पल घासत येणार आहे. साहेबाने मान डोलावली, त्याला काही संशय नव्हता. म्हणाला, ठीक आहे, त्यांना बोलवा, एक सही हवी. आणि मी बोलले. "नहीं साहब. वो नहीं हैं. दो साल हुए, गुज़र गए."

त्याने पेन खाली ठेवलं. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. त्याने खुर्च्या मागवल्या, पाणी मागवलं. समजावून सांगितलं, की मालक हयात नसेल तर गाडी कायद्याने तुमच्या नावावर आधी व्हायला हवी, मग या, मी स्वतः परवाना देतो. गाडी इंडियात लावून पायी फिरून या म्हणाला, दोघींना कोणी अडवणार नाही. त्याची काहीच चूक नव्हती. तू उठलीस, त्याला नमस्कार केलास आणि गाडीत जाऊन बसलीस. मी म्हटलं, "अगं, पायी जाऊ या ना थोडं. इतक्या लांब आलो." तू गाडी वळवलीस.

लखनौपर्यंत तू एक शब्द बोलली नाहीस. पाऊण दिवस. मी एकदा "हळू" म्हटलं, तर तू आणखी हळू केलीस, इतकी, की मागचे हॉर्न वाजवायला लागले. संध्याकाळी एका हॉटेलात जेवायला बसलो. माझ्यासाठी तू नेहमीसारखी बिनतिखटाची डाळ सांगितलीस, आणि ती आल्यावर म्हणालीस, "ताई, मना ठाव होतं मी खोटं बोलते. खिडकीतल्या साहेबांनी त्यांना बोलवायला सांगितलंच होतं, आन् मना परत फिरायलाच लागलं असतं. तेवढी अक्कल मना पन हाय."

"मग कशाला बोललीस?"

"तेवढी दोन मिन्टं ते चहा पीत होते." तू भाताकडे बघत बोलत होतीस. "तुमी तेवढं पन ठेवलं नाय."

मी म्हणाले, सरकारी माणसासमोर खोटं बोलायचं नसतं. चौतीस वर्षं मी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली, खोटा कागद कधी पुढे सरकवला नाही. असलंच काहीतरी मोठमोठ्याने बोलले. तू ऐकून घेतलंस. म्हणालीस, "डाळ गार होते."

घरी आल्यावर मात्र तुझा सूर बदलला. गावात, जासईला, भाजीवालीला, सगळ्यांना तू सांगायला लागलीस की आम्ही नेपाळला जाऊन आलो. आणि मी, तुझी ही सत्यवादी नणंद, प्रत्येक वेळी मध्ये तोंड घालायचे. "जाऊन आलो नाही, परत पाठवलं."

"गाडीची चाकं नेपाळात टेकली का नाय?"

"टेकली. शंभर पावलं."

"मंग? ती शंभर पावलं नेपाळ नाय, तर काय जासई हाय?"

बायका हसायच्या, आपणही हसायचो. मला वाटलं, संपलं. तुझ्या पोटात ते अजून होतं, हे मला तू आरटीओच्या फेऱ्या मारायला लागलीस तेव्हा कळायला हवं होतं. दादाचा मृत्यूचा दाखला, निलेशची संमती, कसले कसले फॉर्म. मला एका शब्दाने विचारलं नाहीस, आणि ज्या बाईने सगळी हयात फॉर्म भरण्यात घालवली तिला विचारलं नाहीस, ह्याचाच मला राग. ऑक्टोबरात एका दुपारी तू घरी आलीस आणि नवं आरसी टेबलावर ठेवलंस. तुझं नाव. पूर्ण नाव, मध्ये दादाचं.

तू खूश होतीस, वहिनी. मला दाखवायला आणलं होतंस. आणि मी काय म्हणाले ते तुला आठवत असेलच, कारण मला एक अक्षरही विसरता येत नाही. मी म्हणाले, "एवढ्यासाठी गाडीवरचं दादाचं नाव काढलंस? फिरायला जायला?"

तू आरसी टेबलावरून उचललंस. मग म्हणालीस, "तुमीच बोलल्या ना तिथं, ते नाय म्हनून? मी तर ठेवले होते. मंग आता काय?"

माझ्याकडे उत्तर नसलं की मी देवघरातली भांडी घासायला घेते. तेच केलं.

नोव्हेंबरात तू पुन्हा निघालीस. मला विचारलंस, हे मला मान्य करायलाच हवं. दारात उभी राहून विचारलंस, "येता का?" मी गुडघ्याला हात लावला. तू त्या हाताकडे बघितलंस. सकाळी सहाला मी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी डब्यात भरून टेबलावर ठेवली आणि खोलीत जाऊन पडले. हातात दिली नाही. डबा उचलल्याचा आवाज ऐकला, दार ओढल्याचा ऐकला. मग खाली गाडी सुरू झाल्याचा. गॅलरीत आले तोवर तू गेटबाहेर पडली होतीस.

सहाव्या दिवशी दुपारी तुझा फोन आला. मागे हॉर्न, माणसं, कसलीतरी गाणी. "ताई, मी आले. गाडी घेऊन आले. त्याच साहेबांनी परवाना दिला, वळखलं त्यांनी मना. आन् ताई, इकडं घड्याळ पंधरा मिन्टं पुढं हाय!" तुझा आवाज एखाद्या लहान मुलीसारखा झाला होता.

मी म्हटलं, "बरं. गाडी नीट लॉक कर."

तू फोन धरून थांबलीस. मी काहीतरी आणखी बोलेन म्हणून. मला ते कळत होतं. मग म्हणालीस, "ठेवते."

तू परत आलीस तेव्हा आपलं बोलणं बंद नव्हतं, त्याचंच जास्त वाईट वाटतं. बंद असतं तर कधीतरी एकीने ते उघडलं असतं. दुधाचं बोलत होतो, गॅसच्या नंबराचं बोलत होतो, पाण्याची टाकी कधी धुणार ह्याचं बोलत होतो. तू दोनदा फोन घेऊन माझ्या शेजारी बसलीस. "फोटो बघता?" मी एकदा म्हटलं, डोळ्यांत आत्ताच ड्रॉप्स घातलेत. दुसऱ्या वेळी काय सांगितलं ते आठवत नाही. तिसऱ्यांदा तू विचारलं नाहीस.

मार्चमधली ती दुपार. तू जेवून आडवी झालीस. चारला मी चहा टाकला आणि स्वयंपाकघरातूनच हाक मारली. मग दुसरी. तिसरी हाक मी चिडून मारली, "अगं, किती वेळ? निवतोय इथे!" हे तुला उद्देशून माझं शेवटचं बोलणं. तू ऐकलंस का? डॉक्टर म्हणाले, तासाभरापूर्वीच गेल्या असतील, झोपेत, कळलंही नसेल. म्हणजे नसशील ऐकलंस. तेवढाच मला आधार.

आता सांगते ते तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. लखनौच्या त्या टेबलावर, किंवा घरी आल्यावर, किंवा तू आरसी घेऊन उभी होतीस तेव्हा. मी खरं बोलले ते सरकारी माणसाची भीती म्हणून नाही. ती आवक-जावकची गोष्ट मी नंतर जुळवली. तू म्हणालीस "पीछे हैं", आणि मी मागे वळून बघितलं. वहिनी, मी खरंच वळले. त्या गर्दीत, त्या कमानीकडे, पांढरा शर्ट शोधला. किती वेळ, तर एखादा श्वास घ्यायला लागतो तेवढा. आणि तो दिसला नाही. तुझ्यासाठी तो दोन मिनिटं चहा पीत होता. माझ्यासाठी तो तिथे दुसऱ्यांदा गेला. ते मला सहन होईना, म्हणून मी ओरडल्यासारखी बोलले. तू नवं आरसी आणलंस तेव्हाही तेच झालं. तू बायको, तुला सगळे येऊन भेटले, तुझं कुंकू पुसलं म्हणून रडले. बहिणीला कोण काय विचारतं? माझा एकुलता एक भाऊ होता तो. त्याच्या नावाचं काहीतरी घरात चालू राहावं, एवढंच मला वाटत होतं, आणि ते मला तुझ्यासमोर धड मागताही आलं नाही. त्याऐवजी मी तुला टोचून बोलले.

तू समजून घेतलं असतंस. हेच मला राहून राहून छळतं. तुला सांगितलं असतं तर तू दोन वाक्यांत ते निस्तरलं असतंस आणि चहा टाकला असतास.

आता घर असं आहे. सकाळी अर्धा लिटर दूध येतं, तेही उरतं. टीव्ही मी लावत नाही, कारण रिमोट कोणी हिसकावून घेत नाही. खालच्या वॉचमनने विचारलं, गाडी पुसायची का? मी म्हटलं, पुस. तो रोज पुसतो. काल पूर्ण दिवस गेला आणि संध्याकाळी लक्षात आलं की मी तोंडातून शब्दच काढलेला नाही. मग मुद्दाम लिफ्टमध्ये एका पोराला विचारलं, शाळा कशी चाललीय? तो म्हणाला, आजी, सुट्टी आहे.

तुझा फोन मी चार्ज करून ठेवते. का, ते विचारू नकोस. परवा निलेश गेल्यावर दुपारी तो वाजला. स्क्रीनवर तू भरलेलं नाव, "सरिता पालपा". उचलला, तर बाईचा आवाज, आनंदाने भरलेला, आणि काय आश्चर्य, मराठीत. "वैनी! किती दिवस झाला, फोन नाय केला?"

मी म्हटलं, मी त्यांची नणंद बोलते.

"अरे, ताई! ताई, नमस्कार! वैनी कुठे?"

आणि मी म्हणाले, "ती भाजी आणायला गेलीय."

फोन ठेवला. मी, वहिनी. मी खोटं बोलले. आणि तुला सांगते, जेवढा वेळ ती बाई बोलत होती तेवढा वेळ तू खरंच खाली गेली होतीस, पिशवी घेऊन, आणि मेथीच्या जुडीवरून भाजीवालीशी घासाघीस करत होतीस. मी दाराकडे बघत बसले.

पण तिला तसं ठेवणं बरं नव्हतं. ती पुन्हा फोन करणार, मी तुला पुन्हा बाजारात पाठवणार. आज सकाळी अकराला मी स्वतःच तिला फोन केला. एका दमात सांगून टाकलं. झोपेत गेली, मार्चमध्ये, त्रास झाला नाही.

पलीकडे तिचं रडणं. मग तीच बोलायला लागली. नवऱ्याच्या नोकरीपायी ती नऊ वर्षं तुर्भ्याला राहिलेली. आता नेपाळातल्या पालप्याच्या घाटात रस्त्याकडेला तिचं चहाचं हॉटेल आहे, वर दोन खोल्या भाड्याने देते. नोव्हेंबरात एक गाडी घाट चढत आली, तिने आपली नंबर प्लेट बघितली आणि हातातली चहाची गाळणी घेऊन रस्त्यात धावली. "मी ओरडली, नवी मुंबई, नवी मुंबई! वैनीने ब्रेक मारला. मला विचारते, कोन मेलं काय?" रडता रडता ती हसायला लागली. मलाही हसू आलं. तू अगदी असंच म्हटलं असशील.

तू तिच्याकडे चार दिवस राहिलीस. पुढे पोखऱ्याला जायचं होतं, गेलीच नाहीस. हे तू मला सांगितलं नव्हतंस. म्हणजे, मी ऐकलं नव्हतं.

"ताई, वैनी तुमचाच बोलायची," ती म्हणाली. "बोलली, माझी नणंद गाडीत सारखी हळू हळू करते. ह्या टायमाला कोन बोललाच नाय, तर मला रस्त्यात झोप येत होती. मग ती स्वतःच मोठ्याने बोलायची, हळू, वैनी, हळू. तसंच बोलत बोलत आली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आनि जाताना मला सांगून गेली. पुढच्या सालात नणंदेला आनते. तिचे गुडघे खराब, ती जिना नाय चढनार. खाली एक खोली करून ठेव. माझा नवरा आता खालची कोठी खाली करतो आहे, ताई. लाकूड होतं तिथे. खिडकी पन काढली."

मी तिला विचारलं, वहिनी माझ्यावर रागावली होती का? कोणा परक्या बाईला फोनवर विचारावं असं नव्हतं ते, पण दुसरं कोण उरलंय विचारायला?

ती म्हणाली, "रागावली होती. एक दिवस पूर्ण शिव्या दिल्या. मग दुसऱ्या दिवशी बोलली, तिला कोन नाय, मीच हाय."

मी फोन कानाला धरून तशीच बसले. तिने ठेवला नाही. तिच्याकडे कोणीतरी चहा मागत होतं, भांड्यांचा आवाज येत होता.

मग तिने विचारलं, "ताई, तुमी जेवला का?"

नव्हते जेवले. कालही धड नाही. निलेश गेल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही."

"मग आता भात लावा," ती म्हणाली. "मी आहे इथे. फोन ठेवू नका."

मी फोन ओट्यावर उभा ठेवला. तांदूळ घेतले, एक मूठ. जरा थांबून आणखी थोडे. धुतले, कुकरला लावले. तिकडे ती कोणाला तरी नेपाळीत काहीतरी ओरडत होती, मध्येच मला विचारत होती, ताई, पानी किती टाकलं? मी सांगत होते. पहिली शिट्टी झाली ती तिलाही ऐकू गेली.